राखणीची पेंढी

प्रिय केरन,

पत्राची सुरुवात अशीच करतात असं ओबेड म्हणाला, म्हणून 'प्रिय' राहू दिलंय. तुझ्या आजीच्या तोंडात आज दुसरेच शब्द होते. ओबेड म्हणजे आपला जोडे शिवणारा ओबेडच, दुसरा कोण. बरं अक्षर आणि रिकामा वेळ या दोन्ही गोष्टी गावात त्याच्याच दुकानात मिळतात. 'देवाच्या कृपेने येथील सर्व क्षेम' असं त्याने मी न सांगताच लिहून टाकलं होतं. मी म्हटलं, क्षेम नाही, खोड ते. तो म्हणाला, मॅहाला, कागद घाण दिसेल. मी म्हटलं, दिसू दे, गावात सध्या जे चाललंय त्याच्याशी जुळेल. तेव्हा वरती जी काळी रेघ दिसते आहे ती माझी आहे, त्याला दोष देऊ नकोस.

तर पोरी, तुझ्या साहेबांचं पुस्तक गावात पोचलं. मागच्या हिवाळ्यात तुझं पत्र आलं होतं, की मिस्टर एलर्बी खेड्यापाड्यांतले शेतीचे जुने शब्द गोळा करतात, आणि न्याहारीची भांडी उचलताना तुला थांबवून विचारतात, 'केरन, तुमच्याकडे याला काय म्हणतात? आणि त्याला काय म्हणतात?' आणि तू सांगितलेलं लगेच चिठ्ठीवर लिहून घेतात. 'हुशार मुलगी' म्हणाले, असंही तू लिहिलं होतंस. ते पत्र मी ओबेडकडून तीनदा वाचून घेतलं आणि विहिरीवर जाऊन सगळ्या बायांना सांगितलं. फीबी म्हणाली, राणीबाई, आता तुमचे शब्द ऑक्सफर्डला चालले, तुमचं तोंड इथे रिकामं पडेल. मी हसले. आता वाटतं, त्या दिवशी विहिरीत पडले असते तर बरं झालं असतं, निदान थंड तरी राहिले असते.

साहेबांनी पुस्तकाची एक प्रत पाद्रीबाबांना पाठवली, भेट म्हणून. पाद्रीबाबांनी ती चर्चमागचं मोठं वावर कसणाऱ्या जोसाया हॉटिनला वाचायला दिली. जोसायाने जन्मात बैलांच्या औषधाच्या बाटलीपलीकडे काही वाचलं नसेल, पण हे पुस्तक त्याने वाचलं. आपल्या शब्दाचं पान काढून, मध्ये गवताची काडी घालून तो पुस्तक काखेत घेऊन हिंडतोय. माझ्या दारात आला आणि म्हणाला, 'हे बघ मॅहाला, छापून आलंय. वाच ना. अरे हो, तुला वाचता येत नाही.' आणि मग त्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं, शेजारणी ऐकतील असं. 'लेझिंग. कापणीनंतर शेतात उरलेल्या ओंब्या गरिबांनी मालकाच्या परवानगीने वेचणे.' खाली बारीक अक्षरात, माहिती देणारी के. टस्टिन, याच गावची.

मालकाच्या परवानगीने! केरन, हे तू सांगितलंस? तुझ्या तोंडून हे निघालं? आधी मला वाटलं, जोसाया मनचं घालून वाचतोय. मी पाद्रीबाबांकडे गेले, त्यांनीही तेच वाचलं. मग ओबेडकडून वाचून घेतलं, कारण ओबेडला खोटं बोलता येत नाही, घसा खाकरतो. त्यानेही तेच वाचलं, आणि घसा खाकरला नाही.

आता मी तुला सांगते ते नीट ऐक, कारण तुला ते माहीत आहे आणि तरी तू विसरलीस. कापणी होते. पेंढ्या बांधतात, उभ्या करतात, वाळल्या की गाड्या भरतात. शेवटची गाडी भरली की वावराच्या मधोमध एकच पेंढी उभी ठेवतात, राखणीची. ती उभी आहे तोवर आपल्यापैकी कोणी धसकटात पाय घालायचा नाही, एक ओंबी उचलायची नाही, लेकराला भूक लागली तरी नाही. हे आपण पाळलं. माझ्या आईने पाळलं, तिच्या आईने पाळलं. आणि मालकानेही त्याचं पाळायचं. शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली, की त्याच दिवशी त्याने स्वतः चालत यायचं, पेंढी स्वतःच्या खांद्यावर घ्यायची आणि निघायचं. जोसायाचा बाप म्हातारा हॉटिन कसा करायचा, आठवतं का? टोपी काढायचा, पेंढी उचलायचा आणि म्हणायचा, 'माझं झालं.' एवढंच. मागे वळूनही बघायचा नाही. 'तुम्हाला परवानगी आहे' असं त्या माणसाने उभ्या जन्मात म्हटलं नाही, आणि तो काही अबोल नव्हता. डुकरं विकताना बोलायला लागला की जेवणाची वेळ टळायची. 'माझं झालं.' म्हणजे जे त्याचं होतं ते संपलं, आता उरलं ते त्याचं नाही. मग मी घंटा वाजवायची आणि सगळ्या बायापोरांनी एका वेळी आत शिरायचं, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.

ती घंटा बत्तीस वर्षं माझ्या हातात आहे. अक्षर एक येत नाही, पण कुठल्या वावरात कधी शिरायचं हे मी सांगायचं आणि मी सांगितल्याशिवाय कोणी शिरायचं नाही. म्हणून मला राणी म्हणतात. थट्टेने म्हणतात, पण ऐकतातही.

तुला सहाव्या वर्षी मी पहिल्यांदा नेलं. तुझी आई त्या वसंतात तापाने गेली होती, आणि तू तेव्हापासून कोणाशी बोलत नव्हतीस. माझ्या जुन्या परकराची झोळी शिवून तुझ्या पोटाला बांधली. धसकटांनी पाय सोलवटायला लागले म्हणून आजोबांच्या मोज्यांचे पाय कापून तुझ्या पोटऱ्यांवर चढवले. ते इतके मोठे होते की तू चालताना दोन पोती चालल्यासारखी दिसायचीस. लांब काडीच्या ओंब्या मुठीत धरायच्या, आखूड झोळीत टाकायच्या, मूठ भरली की काडीनेच पिळा देऊन जुडी बांधायची, हे मी तुला एकदाच दाखवलं. दुपारी तू माझ्याकडे एक जुडी घेऊन आलीस आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा बोललीस. म्हणालीस, 'ही माझी आहे.' मी म्हटलं, तुझीच आहे. ती जुडी अजून चुलीवर टांगलेली आहे. उंदरांनी दाणे खाल्ले, काड्या आहेत. त्या दिवशी कोणाची परवानगी घेतली होतीस गं तू? माझीसुद्धा नाही.

आणि त्या हिवाळ्यात आपण काय खाल्लं? आजोबांना नाताळपासून काम नव्हतं, बर्फ इतकं पडलं की नांगर गोठ्यात. चर्चच्या समितीकडे पावाची चिठ्ठी मागायला लोक रांगेत उभे होते, टोप्या हातात घेऊन. आपण त्या रांगेत नव्हतो. कारण वरच्या माळ्यावर आपलं पीठ होतं, आपण वेचलेलं, आपण झोडपलेलं, पवनचक्कीवरून आपणच खांद्यावर आणलेलं. मागून आणलेला पाव आणि वेचून आणलेला पाव यांत काय फरक असतो ते तुला मी शिकवायची गरज नव्हती. तू त्या पावावर मोठी झालीस.

ओबेड म्हणतो, जरा दमाने, पोरीला रडू येईल. मी म्हटलं, शाई घाल, मला अजून राग यायचा आहे.

तू असं का सांगितलंस ते मला कळतं, तेच तर दुखतं. तू पांढरा एप्रन घालून गालिच्यावर उभी असशील. साहेब खुर्चीत, हातात लेखणी. त्यांनी विचारलं असेल, 'पण केरन, ते शेत तर दुसऱ्याचं ना? मग तुम्ही आत कसे जाता?' आणि तुला वाटलं असेल, आता हे आपल्याला चोर समजतील. चांदीचे चमचे तूच पुसतेस. तेव्हा तू घाईने म्हणालीस, 'परवानगीने, साहेब.' मऊ, धुतलेलं उत्तर. साहेबांना बरं वाटलं, तुला बरं वाटलं, आणि मधल्या मध्ये आमचं वावर गेलं. पोरी, लाज वाटली तर गप्प बसायचं होतंस. चमचे पुसत राहायचं होतंस. भलत्या वेळी तुला शब्द सुचला.

आता तुझ्या साहेबांबद्दल. माणूस शिकलेला आहे यात शंका नाही, आणि त्याच्यावर माझा राग आहे यातही नाही. त्याच पानावर, खालच्या बाजूला, त्याने आपल्या शब्दाची जन्मकथा दिली आहे. जोसायाने ती वाचून दाखवली नव्हती. ओबेडने वाचली, आणि मी त्याला पुन्हा वाचायला लावली. त्यात म्हटलंय, शहरातले लोक ज्याला ग्लीनिंग म्हणतात तो शब्द समुद्रापलीकडून आला, परक्या राजाच्या सरदारांबरोबर, ज्यांनी इथे येऊन वाडे बांधले आणि जमिनी वाटून घेतल्या. पण 'लेझिंग' त्यांच्या आधीचा. हजार वर्षांपूर्वी या मातीत वाकणाऱ्या लोकांच्या तोंडी तो होता, आणि त्याचा अर्थ एवढाच की गोळा करणं, वेचणं. झालं. पुढे काही नाही.

मी ओबेडला विचारलं, त्या जुन्या शब्दात परवानगी कुठे आहे ते दाखव. त्याने चष्मा पुसला, दोनदा पाहिलं, म्हणाला, नाही. मालक आहे का? नाही. गरीब आहे का? नाही. मग वरच्या ओळीत हे तिघे कुठून आले? हजार वर्षांपूर्वी कोणाकडे परवानगी मागत होते, जोसाया हॉटिनकडे? त्याच्या घराण्याने हे वावर खंडाने घेतलं ते माझ्या डोळ्यांदेखत. त्याआधी त्याची आजी कॅसी माझ्या आईच्या शेजारी वाकून याच वावरात वेचायची, आणि माझी आई सांगायची की कॅसीचे हात फार चपळ होते, दुसऱ्याच्या सरीतली ओंबीसुद्धा उचलायची. जोसायाचा बाप त्या पिठावर वाढला. हे मी जोसायाला तोंडावर सांगितलं. तो लाल झाला आणि म्हणाला, 'म्हातारे, ते दिवस गेले.' मी म्हटलं, दिवस गेले, पण नाक कॅसीचंच आहे.

आणखी एक गोष्ट त्या पानावर आहे. साहेब लिहितात, समुद्रापलीकडे जर्मन लोकांत हाच शब्द अजून आहे, आणि ते तो वेचण्यालाही वापरतात आणि पुस्तक वाचण्यालाही. म्हणजे बघ, एक एक ओंबी शोधायची, उचलायची, मुठीत ठेवायची, तसंच ते अक्षर उचलतात. जोसाया मला म्हणाला होता, तुला वाचता येत नाही. अरे, मी साठ वर्षं ते वावर वाचतेय. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि दाणा काळा पडतो, कुठे गाडी वळताना ओंब्या सांडतात, कोणत्या कुंपणाजवळ मुद्दाम काही पडू देत नाहीत, सगळं मला पाठ आहे.

आता यंदाचं. तुझ्या कानावर आलं नसेल, किंवा भलतंच आलं असेल. चर्चमागच्या मोठ्या वावरातून शेवटची गाडी मंगळवारी गेली. पेंढी मधोमध उभी. आम्ही फाटकाबाहेर, तेवीस बायका आणि पोरं. जोसाया आला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शनिवारी घोड्याचं दाताळं फिरवून त्याने वावर पुन्हा विंचरलं, आणि पेंढी तशीच ठेवली. सोमवारी पाऊस झाला, पडलेल्या दाण्यांना मोड यायला लागले. फीबीच्या तिन्ही पोरांच्या झोळ्या कमरेला बांधलेल्या, रोज सकाळी येऊन उभी राहायची आणि परत जायची. मी जोसायाकडे गेले. तो म्हणाला, 'माझी परवानगी नाही. पुस्तकात बघ. तुझ्याच नातीने लिहून दिलंय. उद्या डुकरं सोडतोय.' आणि पेंढी? म्हणाला, 'पेंढी माझी, मला वाटेल तोवर उभी राहील.'

केरन, चोरी वेगळी. ही त्याहून वाईट. दोघांनी दिलेला शब्द होता ती पेंढी, आणि त्याने आपल्या बाजूचा मोडून आमच्या बाजूचा तेवढा उभा ठेवला.

गुरुवारी सकाळी, डुकरं यायच्या आधी, मी फाटक उघडलं आणि एकटी आत गेले. बाकीच्यांना म्हटलं, पाय आत टाकाल तर घंटेने डोकं फोडीन. पेंढी ओली होती, जड होती, माझा दुखरा खांदा तुला माहीत आहे. ती उचलली, वावर ओलांडलं, जोसायाच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली, दाराला टेकवून उभी केली आणि कडी वाजवली. त्याच्या बायकोने दार उघडलं तर पेंढी आत कोसळली. मी म्हटलं, 'बाई, तुमच्या नवऱ्याची विसरली होती. त्याचं झालं.' एक दाणा ठेवून घेतला नाही मी, चोरीचं बालंट आणता येऊ नये म्हणून झोळीसुद्धा घरी ठेवली होती. मग परत येऊन घंटा वाजवली. कशी वाजली म्हणून सांगू! मोड आलेलं का होईना, दुपारपर्यंत सगळ्या झोळ्या भरल्या. डुकरं आली ती फाटकातच अडली, बायका हटेनात.

म्हणून आता माझ्यावर खटला आहे, परक्याच्या शेतात जबरीने शिरल्याचा. येत्या सोमवारी न्यायाधीशांपुढे. जोसायाच्या वकिलाने कागद आणला होता. म्हणाला, आजी, यावर सहीऐवजी फक्त एक फुली मारा, प्रकरण मिटेल, नाहीतर पंधरा दिवस तुरुंगात जाल, या वयात बरं नाही. ओबेडने कागद वाचला. त्यात तुझीच ओळ होती, मालकाच्या परवानगीने, आणि खाली, 'हे आम्हा सर्वांना पूर्वीपासून मान्य आहे.' मी जन्मात दोनदा फुली मारली आहे, एकदा लग्नाच्या वहीत आणि एकदा तुझ्या आईच्या मृत्यूच्या नोंदीत. दोन्ही वेळा लिहिलेलं खरं होतं. या कागदावर मारली नाही. वकील म्हणाला, तुरुंगात कोरडा पाव मिळतो. मी म्हटलं, विकतच्या पिठाचा असेल, तेवढंच वाईट वाटेल.

तू म्हणशील, हे सगळं आजीने रागाने लिहिलं. रागाने तर लिहिलंच, पण आजच लिहिलं याचं कारण वेगळं आहे. तो वकील आता तुझ्याकडे निघालाय. येत्या गुरुवारी तो साहेबांच्या दारात असेल, तोच कागद घेऊन, फक्त फुलीच्या जागी सहीची जागा ठेवून. तू सही केलीस की माझी फुली नको; पुस्तकातली बाई स्वतः म्हणते म्हटल्यावर यंदा मी तुरुंगात जाईन आणि पुढच्या वर्षीपासून ते फाटक फीबीला, तिच्या पोरांना, कोणालाच उघडणार नाही. आणि नाही केलीस, साहेबांसमोर उभी राहून 'मी चुकीचं सांगितलं होतं, तिथे कोणी परवानगी मागत नाही' असं म्हणालीस, तर छापलेलं पुस्तक खोटं पाडणाऱ्या मोलकरणीला ते ठेवतील की नाही, मला माहीत नाही. म्हणून हे पत्र आज जॉबच्या गाडीने पाठवतेय, वकिलाच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून. खाली मी तिसऱ्यांदा फुली मारते आहे, आणि तिच्या वर ओबेडने माझा अर्थ लिहिलाय, हवा तर साहेबांना दाखव: लेझिंग, म्हणजे ज्याचं होतं त्याचं संपल्यावर उरलेलं वेचणं. सही कर असं मी म्हणत नाही, करू नकोस असंही म्हणत नाही. तुझ्या पोटऱ्यांवर मोजे चढवून मी तुला फाटकापर्यंत आणलं, इथून पुढे पेंढी मध्ये ठेवणारी मी कोण? मी ती उचलली. माझं झालं.

तुझीच आजी,
मॅहाला टस्टिन
तिची फुली: ×